जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याने कोणतं भौतिकशास्त्र घ्यावं?



विज्ञान शिक्षकांच्या या अधिवेशनाचं अध्यक्षपद तुम्ही वनस्पतिशास्त्राच्या एका शिक्षिकेला दिलंत. सभागृहात भौतिकशास्त्राची मंडळी आहेत, तशीच जीवशास्त्रांचीही आहेत. असा योग वारंवार येत नाही, म्हणून आज मी एकच प्रश्न घेऊन उभी आहे.

प्रवेशाच्या दिवसांत हा प्रश्न आपल्या टेबलासमोर रोज येतो. बारावीला पीसीबी घेतलेली, नीटमध्ये जागा न मिळाल्याने किंवा स्वतःच्या आवडीने बीएस्सीकडे वळलेली मुलगी विचारते, “मॅडम, मला मायक्रोबायोलॉजी करायचंय. सोबत फिजिक्स घेऊ का?” तिला लगेच उत्तर मिळतं. वडील देतात, वरच्या वर्गातली मुलं देतात, कधी आपल्यातलंच कुणी देतं: “कशाला? मॅथ्स नाहीये ना तुला. सोपं काहीतरी घे, टक्के राहतील.” मुलगी मान डोलावते आणि फॉर्मवर दुसरा विषय लिहून मोकळी होते.

माझं मत आधीच सांगून टाकते. तिने भौतिकशास्त्र घ्यावं. प्रात्यक्षिकासकट घ्यावं आणि गणितासकट घ्यावं. जीवशास्त्राच्या मुलांसाठी म्हणून गणित काढून टाकलेलं, नुसतं वर्णनाचं भौतिकशास्त्र घेण्यात तिचा वेळ जाईल, हाती काही लागणार नाही.

भौतिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात ज्यांच्या नावाचे नियम आपण शिकवतो, त्यांतले किती तरी जण डॉक्टर होते. बारीक नळीतून द्रव कसा वाहतो याचा नियम देणारे पॉयझ्वी हे पॅरिसमध्ये वैद्यक शिकलेले. रक्त केशवाहिन्यांतून कसं जातं हे त्यांना समजून घ्यायचं होतं. बाकी सगळं तेच ठेवून नळीची त्रिज्या निम्मी केली, तर प्रवाह निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा उरतो. विसरणाचा नियम १८५५ मध्ये मांडणारे फिक हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ. स्थितिस्थापकतेचा गुणांक ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते यंग लंडनमध्ये वैद्यकी करत. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा विचार मायर यांना सुचला तो १८४० मध्ये जहाजावरचे डॉक्टर म्हणून जावा बेटाकडे गेले असताना, खलाशांच्या शिरांतलं रक्त अपेक्षेपेक्षा लाल दिसलं म्हणून. आणि हेल्महोल्ट्झ? लष्करातले डॉक्टर. बेडकाच्या मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो हे त्यांनी मोजलं आणि पुढे ते बर्लिनला भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले.

विसाव्या शतकात मात्र ही वाहतूक जवळजवळ एकेरी झाली. फ्रान्सिस क्रिक भौतिकशास्त्राकडून आले, मॅक्स डेलब्रुक तिकडूनच आले. मद्रासला कोलॅजेनची तिपेडी रचना शोधणारे जी. एन. रामचंद्रन भौतिकशास्त्रज्ञ होते. १९६३ चा त्यांचा आलेख आजही प्रथिनाची रचना तपासताना जगभर वापरला जातो. व्यंकी रामकृष्णन यांनी बडोद्याला भौतिकशास्त्रात बीएस्सी केली, अमेरिकेत त्याच विषयात पीएचडी केली आणि त्यानंतर पुन्हा विद्यार्थी होऊन जीवशास्त्र शिकले. २००९ चं नोबेल त्यांना रायबोसोमवरच्या कामासाठी मिळालं. आता उलट दिशेने गेलेली नावं आठवून पाहा. फारशी आठवत नाहीत, आणि त्याला कारण आहे. पेशींचं, जनुकांचं ज्ञान पंचविशीनंतरही वाचून, प्रयोगशाळेत उभं राहून मिळवता येतं. भौतिकशास्त्राची रचना जिन्यासारखी आहे. खालच्या पायऱ्या टाळून मधूनच चढता येत नाही. त्यामुळे जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी पहिलं वर्ष ही बहुतेक वेळा शेवटची संधी असते. एफवायला सुटलेलं भौतिकशास्त्र एमएस्सीला हाती लागलंय, असं मी क्वचितच पाहिलं आहे.

पण संधी आहे म्हणून विषय घ्या, असं मी कुणाला सांगणार नाही. भौतिकशास्त्र आल्याने जीवशास्त्र वेगळं कसं दिसतं, ते माझ्या विषयातल्या एका उदाहरणाने दाखवते.

कोकणातला माड घ्या. वीस-पंचवीस मीटर उंच. झावळ्यांपर्यंत पाणी कसं पोचतं? बारावी झालेला विद्यार्थी क्षणात सांगतो, “केशाकर्षणाने.” काही जण सांगतात, “वरून ओढ असते.” दोन्ही उत्तरं पाठ असतात आणि दोन्ही अर्धवट. मी आधी त्यांना विहिरीवर नेते. शेतकऱ्याच्या मुलाला ठाऊक असतं की पाणी खोल गेलं की मोटार काठावर ठेवून चालत नाही, ती विहिरीत खाली उतरवावी लागते. का? कारण पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो, पण खरं तर बाहेरची हवा ते ढकलते, आणि हवेचा दाब पाण्याचा स्तंभ फार तर १०.३ मीटर तोलू शकतो. प्रत्यक्षात सात मीटरच्या आसपासच पंप हात टेकतो. मग माडाचं काय? तिथे तर मोटार बुंध्यातही नाही आणि शेंड्यालाही नाही.

आता केशाकर्षण. पृष्ठताणाचं सूत्र एफवायच्या पहिल्या सत्रात असतं. जलवाहिनीची त्रिज्या २० मायक्रोमीटर धरा आणि आकडे घाला. पाणी चढतं सुमारे पाऊण मीटर. म्हणजे गुडघ्याच्या जरा वर. वर्गात शांतता पसरते, कारण बारावीपासून लिहिलेलं उत्तर त्यांनी स्वतःच्या हाताने खोडलेलं असतं. मग त्याच सूत्रात पानातल्या पेशीभित्तिकेच्या छिद्राची त्रिज्या घालायला सांगते, १० नॅनोमीटर. उत्तर येतं जवळपास दीड किलोमीटर. सूत्र तेच, पाणी तेच. केशाकर्षण खरंच काम करतं, पण खोडात नव्हे, पानात. जलवाहिन्यांतलं पाणी वर टांगलेलं असतं, ताणलेलं असतं, त्याचा दाब शून्याच्याही खाली गेलेला असतो. हा सिद्धान्त १८९० च्या दशकात डब्लिनला मांडला तो वनस्पतिशास्त्रज्ञ हेन्री डिक्सन आणि भौतिकशास्त्रज्ञ जॉन जोली या दोन मित्रांनी मिळून. या गणिताला कॅल्क्युलस लागलं नाही, एक भागाकार लागला. पण तो भागाकार करायची सवय लागते, आणि ती भौतिकशास्त्राच्या तासालाच लागते.

प्राणिशास्त्राच्या सहकाऱ्यांसाठी दुसरं उदाहरण, थोडक्यात. पाण्यात ऑक्सिजनच्या रेणूला नुसत्या विसरणाने १० मायक्रोमीटर जायला सेकंदाचा चाळिसावा भाग लागतो. अंतर दसपट केलं की वेळ शंभरपट होतो. त्यामुळे एक मिलिमीटरला चार मिनिटं, एक सेंटिमीटरला सात तास आणि एक मीटरला जवळपास आठ वर्षं. प्लॅनेरिया चपटा का, झुरळाच्या अंगभर श्वासनलिकांचं जाळं का, आपल्याला हृदय का, या तिन्ही प्रश्नांचा पाया या चार आकड्यांत आहे. आपण मात्र हे तीन प्राणी तीन वेगळ्या प्रकरणांत शिकवतो आणि मुलं तीन वेगळ्या नोट्स काढतात.

मज्जातंतूचं पटल तर भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी आपल्या कपॅसिटरच्या धड्यातच घ्यायला हवं. सत्तर मिलिव्होल्ट ऐकायला काहीच नाही. पण ते सात नॅनोमीटर जाडीच्या पटलावर असतात. भागून पाहा, दर मीटरला एक कोटी व्होल्ट. हवेत ठिणगी पडायला दर मीटरला ३० लाख पुरतात. हे ऐकल्यावर विद्युत क्षेत्र म्हणजे काय, हे जीवशास्त्राच्या मुलीला पुन्हा समजावावं लागत नाही.

आता निवडीचा व्यवहार. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आपल्याकडची रचना बदलली आहे. काही विद्यापीठांत पहिल्या वर्षी तीन विषय बरोबरीने घेऊन पुढे त्यांतला मुख्य ठरवायचा असतो, काही ठिकाणी मुख्य विषय प्रवेशालाच ठरतो. खुला वैकल्पिक विषय दुसऱ्या विद्याशाखेतला घ्यायचा असल्यामुळे विज्ञानाच्या विद्यार्थ्याला भौतिकशास्त्र त्या खिडकीतून मिळत नाही. ते बरोबरीचा किंवा मायनर विषय म्हणूनच घ्यावं लागतं, आणि हे तिला प्रवेशाच्या वेळी कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं. सत्र सुरू झाल्यावर कळून उपयोग नाही.

विषय घेण्याआधी तिने अभ्यासक्रमाचा कागद मागून घ्यावा आणि त्यात द्रवांचे गुणधर्म, उष्णता आणि ऊष्मागतिकी, विद्युत, प्रकाश हे आहे का ते पाहावं. एकाच सत्राची सवड असेल तर द्रव आणि उष्णता आधी. मॉडर्न फिजिक्सचं आकर्षण मोठं असतं, पण पेशीला रोज तोंड द्यावं लागतं ते व्हिस्कॉसिटीला, विसरणाला आणि तापमानाला. मायक्रोस्कोप ज्याला आयुष्यभर वापरायचा आहे त्याने प्रकाशाचा भाग कधीच सोडू नये. दोन ठिपके २०० नॅनोमीटरपेक्षा जवळ आले की साध्या मायक्रोस्कोपमध्ये एक का दिसतात, हे न समजता फोटो काढत बसणारे संशोधक विद्यार्थी मी पाहिले आहेत. ‘बायोफिजिक्स’ असं नाव असलेल्या पेपरच्या बाबतीत मी सावध राहायला सांगते. ज्यात ईसीजी, एक्स-रे, एमआरआय या यंत्रांची नावं आणि उपयोग एवढंच आहे, तो पेपर पहिल्या वर्षी नको. त्या यंत्रांच्या मागचं भौतिकशास्त्र आल्यावर तो वाचायला एक आठवडा पुरतो.

गणित सुटलेलं असतं, हे खरं आहे आणि ते हलकं घेऊ नये. दहावीनंतर गणित सोडलेल्या मुलीला लॉगरिदम आणि आलेखाचा चढ यांचीही भीती वाटते. पण तीच मुलगी पीएचचं गणित रसायनशास्त्रात करते आणि जिवाणूंच्या वाढीचा आलेख मायक्रोबायोलॉजीत काढते. राज्य मंडळाच्या अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात गणिती पद्धतींचं प्रकरण आहे. सदिश आणि कॅल्क्युलसची तोंडओळख त्यात आहे. पीसीबीच्या मुलांनी ते पुस्तक हाताळलेलं असतं, मात्र तेव्हा घाईघाईने. तिथूनच धागा उचलायचा. बदलाचा दर, घातांकी वाढ आणि ऱ्हास, लॉग स्केल, मोजमापातली चूक: एवढ्यावर पहिलं वर्ष निभावतं. इंटिग्रेशनचे अवघड प्रकार तिला लागत नाहीत.

अमेरिकेतही हा वाद आहे. तिथे शिकणाऱ्या मराठी घरांतल्या मुलांना प्री-मेडसाठी कॅल्क्युलसवर आधारलेलं भौतिकशास्त्र घ्यायचं की बीजगणितावरचं, हा प्रश्न पडतोच. मेरीलँड विद्यापीठात जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी भौतिकशास्त्राचा अभ्यासक्रम नव्याने बांधला गेला, तेव्हा कप्पी आणि उतरणीचे तक्ते मागे ठेवून विसरण, रासायनिक ऊर्जा, एन्ट्रॉपी यांना पुढे आणलं गेलं. विशेष हे, की तो बांधताना जीवशास्त्रज्ञ सोबत बसले होते. आपल्याकडे पुण्याच्या आयसरने २००६ पासून चारही मूलभूत विषय सुरुवातीला सर्वांना शिकवले. पण आयसरला प्रवेश मिळवणारी मुलं थोडी. माझी काळजी तालुक्याच्या महाविद्यालयात येणाऱ्या मुलीची आहे. एसटीने ये-जा करणारी, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. तिला इंग्रजी पुस्तकातला पॉयझ्वीचा नियम समजायला वेळ लागतो, पण ठिबकची नळी बारीक घेतली की शेवटच्या झाडाला पाणी का पोचत नाही, हे तिने शेतात पाहिलेलं असतं.

तिच्या वाटेत आपण स्वतः ठेवलेले अडथळे आहेत, आणि ते इथे बोलायलाच हवेत. बऱ्याच ठिकाणी भौतिकशास्त्राचं आणि प्राणिशास्त्राचं प्रात्यक्षिक एकाच वेळी ठेवलं जातं. मग विषय कागदावर उपलब्ध आणि प्रत्यक्षात बंद. वर्कलोडच्या चिंतेने एक विभाग दुसऱ्या विभागाकडे जाणारं मूल अडवतो. ही चिंता खोटी नाही, कुणाची तरी नोकरी त्यावर असते, आणि म्हणूनच दोन्ही विभागांनी मिळून शिकवायचा पेपर हा त्यावरचा खरा उपाय आहे. त्यात दोघांचेही तास मोजले जातील.

हे अडथळे दूर व्हावेत म्हणून आज दुपारच्या सत्रात मी एक ठराव मांडणार आहे. त्यात तीन गोष्टी मागितल्या आहेत. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना भौतिकशास्त्र घेता येईल असं वेळापत्रक प्रवेशाआधी जाहीर करावं. सत्राच्या सुरुवातीचे दोन आठवडे गणिताच्या उजळणीला द्यावेत. आणि केशनलिकेतली व्हिस्कॉसिटी, पृष्ठताण, भिंगाचं नाभीय अंतर हे जे प्रयोग आपल्या प्रत्येक प्रयोगशाळेत आधीपासूनच आहेत, त्यांच्या जर्नलमध्ये रक्तवाहिनी, पान आणि डोळा यांवरचा एकेक प्रश्न मराठीत आणि इंग्रजीत जोडावा. या प्रश्नांचा पहिला मसुदा मी सोबत आणला आहे. त्यात वनस्पतींचे प्रश्न जास्त झाले आहेत आणि प्राणिशास्त्राचे कमी पडले आहेत. जेवणाच्या सुट्टीत प्राणिशास्त्राच्या आणि भौतिकशास्त्राच्या मंडळींनी माझ्याजवळ बसून ते पुरे करावेत, एवढी विनंती करते.