आपली हकीकत, आपल्या शब्दांत



अर्ज लिहिणं आपल्याला नवं नाही. रजेचा अर्ज, फी-माफीचा अर्ज, दाखल्यासाठी तहसीलदारसाहेबांना अर्ज, हे सगळे आपण शाळेपासून लिहीत आलो. खाली 'आपला आज्ञाधारक' असं लिहिलं की काम झालं. पण अलीकडे खेड्यापाड्यांतली मुलंमुली पदवी घेऊन पुढच्या शिक्षणासाठी परदेशी विद्यापीठांकडे अर्ज करू लागली आहेत. तिथं गुणपत्रकाबरोबर आणखी एक कागद मागतात. त्याला कुठं 'स्टेटमेंट ऑफ पर्पज' म्हणतात, कुठं 'पर्सनल स्टेटमेंट'. आपण त्याला हेतुनिवेदन म्हणू. मी कोण, आजवर काय केलं, पुढं काय शिकायचं आहे आणि ते तुमच्याकडेच का, एवढं त्यात सांगायचं असतं. कुठं ५०० शब्दांत, कुठं १००० शब्दांत, तर कुठं दोन पानांत. अमेरिकेतली काही विद्यापीठं अभ्यासाचा हेतू एका कागदावर आणि आयुष्याची हकीकत दुसऱ्यावर, अशी दोन निवेदनं मागतात. म्हणून सूचना आधी नीट वाचाव्यात.

इथंच आपलं पोर अडतं. गणित सोडवील, प्रयोग करील. पण 'स्वतःविषयी लिही' म्हटलं की त्याचा हात थबकतो. कारण उघड आहे. आपली टिमकी आपणच वाजवू नये, हे घरात लहानपणापासून शिकवलेलं असतं. मग ते एक तर परिस्थितीचं रडगाणं गातं, नाही तर कुठून तरी नमुना आणून मोठमोठे शब्द उतरवून काढतं. 'मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे', 'देशसेवा करण्याची माझी मनीषा आहे.' वाचणाऱ्या प्राध्यापकापुढं असे कागद ढिगानं येतात. त्यातला कोणता कोणाचा, हे त्यानं कसं ओळखावं?

हा कागद कसा असावा, याचा उत्तम दाखला आपल्याच मराठी माणसांत आहे. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला गेल्या, तेव्हा त्या १८ वर्षांच्या होत्या. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात प्रवेश मिळावा म्हणून त्यांनी २८ जून १८८३ रोजी एक पत्र लिहिलं. ते पत्र तिथल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात जपून ठेवलेलं आहे. प्रवेशाच्या सगळ्या अटी आपण पुऱ्या करीत नसू, हे त्यात त्या सरळ मान्य करतात. आप्तेष्टांचा आणि जातीचा विरोध सोसून इथवर आले, हेही सांगतात. पण ते दया यावी म्हणून नव्हे. ज्या निश्चयानं मला इथं आणलं, तोच पुढचं कामही तडीस नेईल, असा त्या सांगण्याचा रोख आहे. आणि मग येतो हेतू. आपल्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरच्या हातून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांना वैद्यकीय मदत मिळवून द्यायची आहे.

उणीव, निश्चय आणि काम. तिन्ही गोष्टी थोडक्यात आणि स्वच्छ. कॉलेजनं प्रवेश दिला. ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या अॅल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाचं काम त्यांच्यासाठी ठरलं होतं. ते हाती घेण्याआधीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात त्यांचं निधन झालं. वयाची बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. पण पत्रात लिहिलेल्या कामाच्या उंबरठ्यापर्यंत त्या पोचल्या होत्या.

आता आजचं उदाहरण घेऊ. सांगली-कोल्हापूरकडे उसाला पाणी फार झाल्यानं पुष्कळ जमिनी क्षारपड झाल्या आहेत. समजा, तिथल्या एका शेतकऱ्याच्या मुलीनं कृषी पदवी घेतली आणि तिला मृदाशास्त्र शिकायला बाहेर जायचं आहे. तिनं 'मी शेतकऱ्याची मुलगी असून मला मातीविषयी प्रेम आहे' असं लिहिलं, तर ते खोटं नाही, पण त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी तिनं असं लिहावं: 'आमच्या दोन एकरांत निचऱ्याचे पाइप घातले. वरचा तुकडा सुधारला, खालच्या तुकड्यावर मीठ फुटतच राहिलं. मी दोन्हीकडची माती एक फुटावरून आणि तीन फुटांवरून काढून कॉलेजात तपासली. फरक दिसला, कारण कळलं नाही. ते कारण शोधायला मला शिकायचं आहे.' इथं स्तुती नाही, रडणंही नाही. पण वाचणाऱ्याला कळतं, की ही मुलगी प्रश्न पाहते, कुदळ घेऊन शेतात उतरते आणि न कळलेलं लपवीत नाही. असाच विद्यार्थी त्याला हवा असतो.

यानंतर 'तुमच्याकडेच का' हे सांगावं. विद्यापीठाच्या लौकिकाचं गुणगान त्यांना नको असतं. तिथले कोण प्राध्यापक या विषयावर काम करतात, त्यांचं काय वाचलं, त्यातलं आपल्या प्रश्नाला काय लागू पडतं, हे दोनचार वाक्यांत लिहावं. एखाद्या वर्षी विषय राहिला असेल, शिक्षण खंडलं असेल, तर कारण आणि पुढं ते कसं भरून काढलं, हे सांगून पुढं जावं. गरिबीही अशीच सांगावी. सकाळी दूध घालून कॉलेजला जात होतो, एवढं वाक्य पुरतं.

आणखी एक सांगायला हवं. आता संगणकाला सांगितलं की तो घटकेत गुळगुळीत निवेदन लिहून देतो. मोह होईल. पण त्याला तुमची विहीर ठाऊक नाही आणि खालचा तुकडाही ठाऊक नाही. त्यानं लिहिलेलं कोणाच्याही नावावर खपेल, आणि नेमकं तेच नुकसानीचं आहे. शिवाय कित्येक विद्यापीठांचे याबाबत नियम आहेत, तेही पाहावेत.

शिक्षकबंधूभगिनींना माझं विशेष सांगणं आहे. मुलाचं निवेदन तुम्ही लिहून देऊ नका. त्याला बोलतं करा. 'तुझं ध्येय काय?' असं विचाराल तर पाठ केलेलं उत्तर मिळेल. 'कोणतं काम तू कुणी न सांगता केलंस? त्यात काय फसलं? मग काय केलंस?' असं विचारा. त्याला मराठीत सांगू द्या, तुम्ही टिपून घ्या आणि तो कागद त्याच्या हाती द्या. इंग्रजी त्याचं त्यानं करावं. व्याकरण मागाहून तपासता येतं. तुम्ही शिफारसपत्र देणार असाल तर त्यातही त्याच कामाविषयी लिहा. 'मुलगा हुशार व सुशील आहे' एवढ्यानं भागत नाही.

अमेरिकेतल्या पुष्कळ विद्यापीठांचे अर्ज डिसेंबर-जानेवारीत बंद होतात. म्हणून पहिला मसुदा गणपतीत व्हावा, दुसरा दसऱ्याला, आणि दिवाळीच्या सुट्टीत कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवावा. वाचताना जिथं आपल्यालाच संकोच वाटेल, तिथं शब्द फुगलेला आहे असं समजून तो काढावा. प्रवेश मिळेलच अशी हमी कुणी देऊ शकत नाही. शासनाच्या परदेश शिष्यवृत्तीलासुद्धा आधी प्रवेशपत्र हाती असावं लागतं, आणि गरीब घरच्या मुलाचं सगळं गाडं तिथंच अडतं. आपल्याकडे सांगण्याजोगं काही नाही, असं वाटून एकाही गुणी मुलाचा अर्ज घरात पडून राहू नये, एवढं आपण सगळ्यांनी पाहू या.