खरखरीचा माग



लांबचं स्टेशन ऐकू येत नाही म्हणजे अँटेना कमी पडते, अशी आम्हा हॅम मंडळींची, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांची, ठाम समजूत असते. मग अजून उंच खांब, अजून लांब तार, जमलं तर नवा सेट. चाळीस मीटरच्या बँडवर, म्हणजे 7 मेगाहर्ट्झच्या जरा वर ऐकणाऱ्या शहरातल्या माणसाची अडचण बहुतेक वेळा निराळीच असते. सिग्नल छतावर पोचलेला असतो. तो बुडतो आपल्याच इमारतीतल्या विजेच्या खरखरीत.

सेटवरच्या एस मीटरकडे पाहा. जिथे कोणीच बोलत नाही अशा जागीही काटा 7 वर उभा असेल, तर त्याखालचं सगळं तुम्ही गमावलंत. मीटरचा एकेक अंक सहा डेसिबलचा, शक्तीच्या हिशोबात चौपट. खरखर 7 वरून 3 वर आणली तर चार अंक उतरले, चार वेळा चौपट, म्हणजे 256 पट फरक. तुमच्याशी बोलणाऱ्याने आपला 100 वॅटचा ट्रान्समीटर काढून 25,600 वॅटचा लावला असता, तर तुम्हाला तो जितका स्वच्छ ऐकू आला असता, तितका तो खरखर उतरल्यावर ऐकू येतो. बाजारातले मीटर इतके काटेकोर नसतात, हे मान्य. पण हिशोबाची दिशा बरोबर आहे, आणि खर्च अनेकदा एका चार्जरचा असतो.

सुरुवात स्वतःच्या घरापासून करायची. सेट 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालवा आणि घराचा मेन स्विच बंद करा. खरखर गेली, तर चोर घरातच आहे. इथे आपल्याकडे एक गंमत होते. घरात इन्व्हर्टर असतो. मेन बंद केला की तो इमानाने सुरू होतो, आणि काही इन्व्हर्टर असे असतात की आधी होती त्याहून जास्त घरघर ऐकू येते. तेव्हा तोही बंद करा, कॉम्प्युटरचा यूपीएस असला तर तोही. मग एकेक एमसीबी वर करत जा आणि कुठल्या खटक्याला काटा उडाला ते लिहून ठेवा.

खरखर कान देऊन ऐकली तर ती स्वतःचा पत्ता सांगते. पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरचं बघा. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणजे तिच्या सेकंदाला 100 अर्धलहरी. फिरवायच्या बटणाचा रेग्युलेटर प्रत्येक अर्धलहर मधेच अचानक सुरू करतो, आणि त्या प्रत्येक झटक्याचे तुकडे रेडिओच्या बँडवर विखुरतात. पंखा मध्यम वेगावर असताना ही भणभण सर्वात वाईट, पूर्ण वेगावर बहुतेक नाहीशी. तारेच्या वेटोळ्यांचा, हात लावला तर चटका देणारा जुना रेग्युलेटर वीज खायचा, पण रेडिओच्या दृष्टीने सज्जन होता. टप्प्याटप्प्याने फिरणारे, आत कपॅसिटर असलेले रेग्युलेटरही शांत असतात. चार्जर आणि एलईडी दिव्यांची तऱ्हा वेगळी. त्यांच्या आतला स्विच सेकंदाला हजारो, कधी लाखो वेळा उघडमीट करतो. डायल फिरवत गेलात की ठरावीक अंतराने एकेक धूसर उंचवटा लागतो, आणि यंत्र तापेल तसा तो जागा सोडून सरकत राहतो. लिफ्ट ओळखायला तर शिक्षण लागत नाही: ती हलते तेव्हा खरखर येते, दार उघडलं की जाते. दिवाळीत काही घरांच्या एलईडी माळा संपूर्ण बँड व्यापतात, पण त्या भाऊबीजेनंतर उतरतात. त्यांच्यावर वेळ घालवू नका.

नेमकी वस्तू शोधायला महागडं यंत्र नको. मिडियम वेव्हचा साधा ट्रान्झिस्टर पुरतो. दिवसा, दोन स्टेशनांमधली रिकामी जागा लावा. सेटच्या आत लांबीच्या बाजूने फेराइटची कांडी असते. तिचं टोक आवाजाच्या उगमाकडे वळलं की आवाज पडतो. दोन वेगवेगळ्या जागी उभं राहून या दिशा पाहिल्या, की त्या जिथे छेदतात तिथे जाऊन बघायचं. भिंतीतल्या वायरिंगच्या अगदी जवळ मात्र ही युक्ती गोंधळते, कारण तिथे सगळी भिंतच बोलत असते.

सापडल्यावर काय? वस्तू स्वस्तातली असेल तर सरळ बदला. हलक्या दिव्यात आणि चार्जरमध्ये खर्च वाचवण्यासाठी आतला फिल्टरच गाळलेला असतो. बदलता येत नसेल, तर तिच्या वायरीवर फेराइटची कडी. इथे बरेच जण फसतात. दुकानातली चिमट्यासारखी कडी वायरीवर अडकवली की काम झालं असं वाटतं, पण 7 मेगाहर्ट्झला एका फेरीने फारसं काही होत नाही. कडीचा प्रभाव वेढ्यांच्या वर्गाने वाढतो: दहा वेढे म्हणजे शंभर पट. म्हणून मोठी कडी घ्या, मिक्स 31 नावाने मिळते ती या बँडला चांगली, आणि दोन्ही तारा एकत्र धरून दहा-बारा वेढे द्या. जुन्या कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधली पिवळी-पांढरी कडी मात्र लोहचूर्णाची, ती इथे कुचकामी. असाच एक चोक अँटेनाच्या कोॲक्स केबलवर, अँटेनाच्या टोकाशी लावा. घरातली खरखर पुष्कळदा केबलच्या बाहेरच्या जाळीवरून चढत जाऊन अँटेनात शिरते, आणि आपण बिचाऱ्या अँटेनाला दोष देतो.

सेटवर नॉइज ब्लँकर नावाचं बटण असतं. ते ठिणगीसारख्या तुटक आवाजाला लागू पडतं, चार्जरच्या सलग भणभणीला नाही. शिवाय जवळपास मोठा सिग्नल असला की ते आवाज बिघडवतं. माझ्या मते ते बटण शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे.

आता अवघड भाग: शेजारी. सोसायटीत तुमच्या अँटेनामुळेच आपला टीव्ही बिघडतो असं मानणारं एक तरी घर असतंच. तिथे तक्रार घेऊन गेलात तर उलट तक्रार घेऊन परत याल. ट्रान्झिस्टर हातात घेऊन जा. ‘‘वहिनी, दोन मिनिटं हा दिवा बंद करून बघूया का?’’ एवढंच म्हणा, आणि फरक त्यांना त्यांच्याच कानांनी ऐकू द्या. चांगल्या प्रतीचा दिवा आधीच खिशात ठेवा आणि तो तुमच्या पैशाने बसवून या. तत्त्वासाठी भांडण्यापेक्षा हे फार स्वस्त पडतं.

मेन बंद करूनही खरखर तशीच राहिली, आणि शेजारही निर्दोष निघाला, तर रस्त्यावरच्या तारांकडे वळा. सैल क्लँप, तडकलेला चिनी मातीचा इन्सुलेटर, जवळजवळ पण न चिकटलेले दोन धातूचे तुकडे, यांच्या फटीत ठिणगी पडत राहते. कमी फ्रिक्वेन्सीवर हा आवाज तारांवरून लांबवर वाहतो, त्यामुळे सगळेच खांब गुन्हेगार वाटतात. विमानांच्या 118 ते 137 मेगाहर्ट्झच्या बँडवर, एएम रिसीव्हर घेऊन चालत गेलात तर तो फक्त खऱ्या खांबाजवळच मोठा होतो. या ठिणग्या मोठमोठ्यांनाही सोडत नाहीत. नारायणगावजवळ खोडदला 45 मीटर व्यासाच्या 30 डिशची जीएमआरटी दुर्बीण आहे. माणसाने केलेला रेडिओ गोंगाट कमी म्हणून ती जागा निवडली, तरी तिथल्या अभियंत्यांना वीजवाहिन्यांच्या ठिणग्या वेचून काढणारी खास यंत्रणा बसवावी लागली.

खांबाला किंवा त्याच्या ताणाला हात लावायचा नाही, ठोकून तर मुळीच बघायचं नाही. खांबाचा क्रमांक लिहून घ्या आणि वीज कंपनीच्या शाखा कार्यालयात लेखी अर्ज द्या. ‘रेडिओला त्रास होतो’ असं लिहू नका. ‘या खांबावर सैल जोडात ठिणगी पडते’ असं लिहा. तो जोड उद्या तुटू शकतो, हे तिथल्या अभियंत्याला तुमच्यापेक्षा चांगलं कळतं. आणि अर्ज मान्सूनपूर्व कामं निघायच्या आधी पोचवा. कोकणात खारट वाऱ्याने माखलेले इन्सुलेटर दमट हवेत जास्त कुरकुरतात, पण कोरड्या फटीची ठिणगी पावसाच्या पाण्याने जोडली जाते आणि गप्प बसते. जुलैत वायरमन आला, तर तो खांबाखाली भिजत उभा राहील आणि त्याला काहीच सापडणार नाही.