औषधाला न जुमानणारा विषाणू

(ज्ञातिसंघाच्या वार्षिक मेळाव्यात झालेले भाषण)



आमच्या भाषणाचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर छापून आला तेव्हा काही ज्येष्ठ मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या, असे आमच्या कानी आले. शिक्षण, काटकसर, विवाहातील अवास्तव खर्च हे नेहमीचे विषय सोडून ज्ञातीच्या व्यासपीठावर एड्सचे नाव कशाला, असा त्यांचा प्रश्न आहे. प्रश्न रास्त आहे. म्हणून उत्तर आरंभीच देतो. देशात एचआयव्हीची बाधा झालेल्यांची सर्वांत मोठी संख्या आपल्या महाराष्ट्रात आहे. हा विषाणू ज्ञात विचारून घरात शिरत नाही. तेव्हा आपल्यात असे कोणी नाहीच, असे मानून चालणे भाबडेपणाचे होय. शिवाय रोग कसा जडतो हे आज आम्हांस सांगावयाचे नाही. हाताशी असलेले उत्तम औषध निकामी कसे होते, हे सांगावयाचे आहे. आणि त्यात आपल्या घरांच्या रीतिभातींचा मोठा वाटा आहे.

आधी थोडा इतिहास. १९८१ साली अमेरिकेत हा रोग प्रथम वैद्यांच्या ध्यानी आला. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्याचा विषाणू सापडला. १९८६ साली मद्रासेत डॉ. सुनीती सोलोमन (या माहेरच्या गायतोंडे) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातील पहिले रुग्ण शोधून काढले. पुढच्याच वर्षी झिडोव्हुडीन या पहिल्या औषधास अमेरिकेत मान्यता मिळाली. वस्तुतः ते १९६४ साली कर्करोगासाठी तयार केलेले आणि निरुपयोगी म्हणून बाजूस पडलेले औषध. रुग्णांना उतार पडला, वजने वाढली. पण काही महिन्यांतच रोग पुन्हा उसळू लागला. १९८९ मध्ये लार्डर, डार्बी व रिचमन या संशोधकांनी दाखवून दिले की, सहा महिने वा अधिक काळ औषध घेतलेल्या रुग्णांतील विषाणू त्या औषधास दाद देईनासे झाले आहेत. औषध तेच, रोगी तोच. विषाणू मात्र पालटलेला.

तो पालटतो कसा? आम्ही जन्मभर मुलांची शुद्धलेखने तपासली, तेव्हा उपमा त्याच पेशातली घेतो. पूर्वी पोथ्यांच्या नकला करणारे लेखक असत. चांगला लेखक मूळ प्रतीत मेलेली माशी चिकटलेली असेल तर नकलेतही माशी चिकटवील, असे गमतीने म्हणत. आपल्या शरीरातील पेशी जेव्हा आपल्या आनुवंशिक मजकुराची नक्कल करते, तेव्हा तिच्या लेखकामागे एक तपासनीसही उभा असतो आणि चूक तेथल्या तेथे दुरुस्त होते. एचआयव्हीचा लेखक म्हणजे रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज नावाचे विकर. याच्यामागे तपासनीस नाही. विषाणूची सगळी पोथी साडेनऊ हजारांच्या आसपास अक्षरांची. तिच्या साधारण तीन नकलांमागे एखादी चूक राहून जाते. हे प्रमाण आमच्या वर्गातील हुशार मुलांपेक्षाही चांगले आहे! परंतु उपचार न घेणाऱ्या रुग्णाच्या शरीरात दररोज सुमारे एक हजार कोटी नवे विषाणू निर्माण होतात. इतक्या नकला झाल्यावर, एका अक्षराची जी जी चूक संभवते ती ती रोज कोठे ना कोठे होऊन जाते. या चुकांनाच शास्त्रात उत्परिवर्तन म्हणतात.

बहुतेक चुका विषाणूलाच मारक ठरतात. परंतु एखादी अशी असते की, तिच्यामुळे औषध ज्या जागी जाऊन बसावयाचे त्या जागेचा आकारच बदलतो. त्या विकराच्या १८४ व्या स्थानी मेथिओनिन या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलीन आले की लॅमिव्हुडीन व्यर्थ होते. शास्त्रज्ञ या बदलास ‘एम १८४ व्ही’ म्हणतात. १०३ व्या स्थानी लायसिनच्या जागी ॲस्पॅराजीन आले की नेव्हिरापिन व एफाविरेंझ ही दोन औषधे एकदमच गेली. दोन्ही बदल एकेका अक्षराचे! यांतील पहिल्या बदलाने विषाणू काहीसा दुबळाही होतो. दुसऱ्याने मात्र त्याचे फारसे काही बिघडत नाही. लोक म्हणतात, ‘शरीराला औषधाची सवय झाली.’ सवय शरीराला होत नाही आणि औषध विषाणूला काही शिकवीतही नाही. ते बाकीच्यांना दडपते. चुकून वेगळा निपजलेला एखादा तेवढा उरतो आणि मोकळ्या रानात वाढतो.

यावर तोड निघाली ती १९९६ च्या सुमारास. तीन औषधे एकाच वेळी द्यावयाची. एका नकलेत एक विशिष्ट चूक होणे सोपे. त्याच नकलेत हव्या त्या सगळ्या चुका एकदम होणे जवळजवळ अशक्य. शिवाय तिन्ही औषधे मिळून नक्कल करणेच बंद पाडतात, मग चूक होणार कोठून? त्या काळी या उपचारास वर्षाला दहा हजार डॉलरांहून अधिक खर्च येई. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने तो ३५० डॉलरांत देऊ केला, आणि १ एप्रिल २००४ पासून आपल्या सरकारने हे औषध विनामूल्य देण्यास आरंभ केला. आज टेनोफोविर, लॅमिव्हुडीन व डोलुटेग्राविर या तिघांची मिळून रोज एक गोळी पुरते. डोलुटेग्राविरविरुद्ध पालटणे विषाणूस फार कठीण जाते.

परंतु कठीण म्हणजे अशक्य नव्हे. औषध पुरते घेतले तर नक्कल थांबते. औषध मुळीच घेतले नाही तर रोग बळावतो, पण औषधास पुरून उरणाऱ्या विषाणूची निवड होत नाही. घातक आहे ती मधली अवस्था: चार दिवस घेतले, तीन दिवस सोडले. त्यात नक्कलही चालू आणि निवडही चालू. जुन्या औषधांत तर आणखी एक खोच होती. तिन्ही एकदम सोडली तरी नेव्हिरापिन रक्तात कितीतरी दिवस रेंगाळे. म्हणजे रुग्णाच्या नकळत एकट्या औषधाचाच उपचार चालू राही. असा पालटलेला विषाणू एकदा उपजला की तो जात नाही. जुन्या दप्तरात कागद पडून राहावा तसा तो सुप्त पेशींत पडून राहतो, आणि तेच औषध पुन्हा सुरू केले की वर येतो. तोच पत्नीकडे गेला तर तिच्या बाबतीत ते औषध पहिल्या दिवसापासूनच लंगडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालात डोलुटेग्राविरला न जुमानणारे विषाणूही नोंदले गेले आहेत. विषाणू रक्तात भरपूर असतानाच ज्यांना या औषधावर आणले, अशा काही रुग्णांत हे प्रमाण १९.६ टक्क्यांपर्यंत आढळले.

आता गोळी चुकते का, ते पाहू. विसराळूपणा हे एक कारण आहेच, परंतु आपल्या समाजात त्याहून मोठे कारण लपवालपवी हे आहे. आमच्या परिचयातील एक गृहस्थ पुतण्याच्या लग्नासाठी तीन आठवडे गावी राहिले. एका खोलीत पंधरा माणसे, प्रत्येकाची नजर प्रत्येकाच्या पिशवीवर. ‘काका, कसल्या हो गोळ्या?’ असे कोणी पोरगेसुद्धा विचारील, या धाकाने त्यांनी बाटली बाहेर काढलीच नाही. नवी सून सासरी डबीवरची चिठ्ठी खरवडते, गोळी पुडीत बांधून तांदळाच्या डब्यात ठेवते, आणि ज्या दिवशी स्वयंपाकघरात जाऊबाई असतात त्या दिवशी ती पुडी तेथेच राहते. कोणी उपासाला गोळी चालत नाही म्हणून सोडतो; वास्तविक ही गोळी उपाशीपोटीही चालते. या माणसांना आम्ही निष्काळजी म्हणणार नाही. त्यांना रोज एक गोळी गिळावयाची असते आणि त्यासाठी रोज एक खोटे बोलावयाचे असते. दुसरे काम पहिल्यापेक्षा जड आहे.

ज्या भीतीपोटी हे घडते ती तरी कितपत खरी? ताट-वाटी, अंथरूण, पाणी यांतून हा रोग कधीच पसरत नव्हता. आता तर हेही सिद्ध झाले आहे की, नियमित औषधाने ज्याच्या रक्तात विषाणू चाचणीसही सापडेनासा झाला, त्याच्यापासून शरीरसंबंधातूनही जोडीदारास बाधा होत नाही. २०१७ च्या कायद्याने शाळा, नोकरी व दवाखाना यांत अशा व्यक्तीशी भेदभाव करण्यास मनाई आहे. घरातल्या कुजबुजीला मात्र कोणता कायदा लागू पडणार?

काही व्यवहाराच्या गोष्टी सांगून पुरे करतो. विषाणुभाराची तपासणी ठरल्या वेळी करून घ्यावी. गोळी निकामी होऊ लागल्याचे तीच प्रथम सांगते. कॅल्शियम, लोह किंवा आम्लपित्तावरचे औषध डोलुटेग्राविरबरोबर घेऊ नये, ते शोषले जात नाही. मध्ये किती अंतर ठेवावे ते डॉक्टरांस विचारावे. क्षयाचे औषध चालू झाल्यास तेही त्यांस अवश्य सांगावे. परगावी राहावे लागल्यास तेथील सरकारी केंद्रातून गोळ्या मिळण्याची सोय असते. चौकशीसाठी १०९७ हा दूरध्वनी क्रमांक आहे.

कार्यकारी मंडळास एक विनंती आहे. आपल्या विद्यार्थी वसतिगृहात प्रत्येक मुलास कुलूप लावता येईल असा एक लहानसा कप्पा असावा, आणि आत काय ठेवले आहे हे गृहपालांनी विचारू नये, असा नियम करावा. ज्याला मधुमेह आहे त्यालाही तो उपयोगी पडेल, आणि ज्याला काहीच नाही तो त्यात लाडू ठेवील. सुताराचा अंदाज आम्ही चिटणीसांकडे दिला आहे.