मोबाईल कोणाच्या हातात?



मोबाईलमुळे मुले बिघडतात, ही तक्रार आपण नेहमी ऐकतो. शाळेत पालक ती माझ्याजवळ करतात आणि घरी मीही करीत असे. परंतु मुलाच्या हाती मोबाईल प्रथम दिला कोणी, या प्रश्नाचे उत्तर आपण टाळतो. लहान मुलांच्या संगोपनात या यंत्राचा उपयोग निश्चित आहे. मात्र तो मोबाईल पालकाच्या हातात असला पाहिजे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

प्रथम माझीच चूक सांगतो. आम्ही घर बदलले, त्या धांदलीत मुलीचे लसीकरणाचे कार्ड हरवले. सोळाव्या महिन्यानंतरचा डोस राहून गेला. ती दोन वर्षांची होत आली तेव्हा आशाताई दारात आल्या आणि म्हणाल्या, "सर, बाळाचा बूस्टर झाला का?" वर्गात रोज चाळीस मुलांची हजेरी घेणारा मी, मला उत्तर देता आले नाही. दुसऱ्याच दिवशी तिला घेऊन उपकेंद्रात गेलो.

अशी वेळ आपणावर येऊ नये म्हणून केंद्र सरकारचे 'यू-विन' उपयोगी आहे. २०२४ साली ते देशभर सुरू झाले. गरोदर माता व बालके यांच्या लसींची नोंद त्यावर होते, पुढील डोसची आठवण संदेशाने येते आणि प्रमाणपत्र मोबाईलवर उतरवून घेता येते. कागद हरवला तरी नोंद राहते. जन्मतःच्या लसी बहुधा चुकत नाहीत. सहा, दहा व चौदा आठवड्यांच्याही आपण देतो. विसर पडतो तो पुढे. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा डोस व डीपीटीचा बूस्टर १६ ते २४ महिन्यांत, आणि डीपीटीचा दुसरा बूस्टर पाच ते सहा वर्षांच्या दरम्यान असतो. हे जरूर लक्षात ठेवा.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलतो. आपल्यापैकी पुष्कळ घरांतील वडील नोकरीनिमित्त आखातात किंवा मुंबईस असतात. नोंदणीच्या वेळी क्रमांक मात्र वडिलांचा दिला जातो. संदेश त्यांच्याकडे जातो आणि बाळ असते येथे, आईजवळ. तेव्हा क्रमांक आईचा द्या. तिला मोबाईल नीट वापरता येत नसेल तर शिकवा. घरातील आठवी-नववीच्या मुलामुलींनो, हे काम तुमचे आहे. अम्मीला चार दिवस रोज दहा मिनिटे शिकवा. तुमच्या धाकट्या भावंडाचे आरोग्य त्यावर अवलंबून आहे.

दुसरे साधन गोष्टींचे. प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ मध्ये 'स्टोरीवीव्हर' सुरू केले. तेथे मराठी, उर्दू, हिंदी, इंग्रजी अशा अनेक भाषांतील चित्रमय गोष्टी विनामूल्य मिळतात. ज्यांना पुस्तके विकत घेणे परवडत नाही, त्यांच्यासाठी हे घरचे वाचनालयच होय. परंतु मोबाईल मुलाकडे देऊन आपण कामाला लागू नये. त्याला मांडीवर घ्या आणि गोष्ट स्वतः वाचून दाखवा. मूल भाषा शिकते ते आपल्याशी बोलणाऱ्या, आपल्याला उत्तर देणाऱ्या माणसाकडून. जी आई वाचू शकत नाही, तिने चित्रे दाखवून आपल्या बोलीत गोष्ट सांगावी. त्यात काही उणेपणा नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे की, एक वर्षाखालील बाळाला पडद्यासमोर मुळीच बसवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला एक तासाहून अधिक नको. कमी तितके चांगले. घास भरविण्यासाठी मोबाईल लावणाऱ्यांनी याचा विचार करावा. मीही तसे करीत असे. बंद केल्यावर तीन दिवस रडारड झाली, चौथ्या दिवशी मुलगी ताटाकडे पाहून जेवू लागली. थोड्या मोठ्या मुलांसाठी गूगलचे 'फॅमिली लिंक' आहे. त्यातून वेळेची मर्यादा ठरविता येते व कोणते ॲप घ्यावयाचे हे पालकांच्या संमतीवर राहते.

शेवटी एक इशारा. ॲप म्हणजे डॉक्टर नव्हे. तीन महिन्यांखालील बाळाला ताप आला तर मोबाईलमध्ये औषध शोधत बसू नका, तडक दवाखाना गाठा. वाहन नसेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. तसेच बाळाची छायाचित्रे, जन्मतारीख वा पैशांचा तपशील मागणारे प्रत्येक ॲप उतरवून घेऊ नका.

आज घरी गेल्यावर बाळाचे लसीकरणाचे कार्ड काढून पाहा. एखादा डोस राहिला असेल तर उद्याच आशाताईंना किंवा उपकेंद्रात विचारा. मग एक गोष्ट वाचून दाखवा आणि मोबाईल उंच फळीवर ठेवून द्या. एवढे झाले तरी माझ्या बोलण्याचे सार्थक झाले असे मी समजेन.