सिरियाक पद्यातील अक्षरे आणि आघात
सहाव्या शतकातील ग्रीक प्रवासी कॉस्मस याने ‘कल्लियाना’ येथे इराणमध्ये दीक्षा घेतलेला बिशप असल्याचे नमूद केले असून, हे ठिकाण म्हणजे आजचे कल्याण, असे अनेक अभ्यासक मानतात. इराणी चर्चची उपासनाभाषा सिरियाक, म्हणजे अरमाईक कुळातील भाषा, होती. त्यामुळे तिची स्तोत्रे कोकणच्या किनाऱ्यावरही म्हटली गेली असावीत. अर्थ न कळताही त्यांचा आस्वाद घेता येतो, मात्र कानाला अक्षरे मोजता आली पाहिजेत. आणि भजनाला बसणाऱ्या श्रोत्याला अभंगाने ती सवय केव्हाच लावलेली आहे.

373 साली एडेसा येथे निधन पावलेल्या एफ्रेम या कवीच्या नावाने ओळखली जाणारी रचना सात-सात अक्षरांची, तर सेरुगच्या याकोबची (निधन 521) बारा अक्षरांची असते, आणि मोठ्या अभंगाच्या 6, 6, 6, 4 या हिशेबाप्रमाणेच तेथेही लघु-गुरूचे बंधन नसते. भेद आहे तो मोजणीत: बोलताना ‘मन’ एकाच झटक्यात उच्चारले जात असले, तरी अभंगात त्याची दोन अक्षरे धरतात, सिरियाकमध्ये मात्र सामान्यतः कानावर पडणारा पूर्ण स्वरच मोजला जातो, म्हणून ‘श्लामा’ (शांती) या शब्दात जोडाक्षर असूनही अक्षरे दोनच.

आघात, म्हणजे शब्दातील एका अक्षरावर दिलेला जोर, ही खरी गंमत. सिरियाकच्या पूर्वेकडील परंपरेत तो बहुधा उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या, अक्षरावर येतो. पश्चिमेकडील मारोनी ख्रिस्ती परंपरेत शब्द व्यंजनान्त असेल तर तो शेवटच्या अक्षरावर सरकतो. ‘लिहिणारा’ या अर्थाचा एकच शब्द पूर्वेकडे ‘काथेव’ असा, ‘का’वर जोर देऊन, तर पश्चिमेकडे ‘कोथेब’ असा, ‘थेब’वर जोर देऊन उच्चारतात, लिपीतील अक्षरे तीच, पण ‘आ’चा ‘ओ’ झालेला आणि भार पुढे गेलेला. मराठीत आघाताने अर्थ बदलत नसल्याने हा फरक मराठी कानातून सहज निसटतो.

म्हणून श्रोत्यांनी एखादे सिरियाक स्तोत्र प्रथम बोटांवर अक्षरे मोजत ऐकावे, दुसऱ्यांदा केवळ जोर कोठे पडतो ते टिपावे आणि अर्थाकडे त्यानंतरच वळावे.