सहलीत आडवा आलेला नाला

आपण खानदेशातली माणसे पावसाला सहसा नावे ठेवीत नाही. धुळे जिल्हा पर्जन्यछायेतला. सह्याद्रीवर मनसोक्त बरसणारा पाऊस आपल्याकडे येईपर्यंत दमून जातो. त्यामुळे ऐन सहलीच्या दिवशी तो लागला, तरी 'कपाशीला बरा झाला' असे म्हणून आपण घराबाहेर पडतो. पण शेताला बरा असलेला पाऊस वाटसरूला बरा असतोच असे नाही. त्याविषयी आज थोडे बोलायचे आहे.

गेल्या श्रावणात आम्ही मित्रांनी तोरणमाळला जाऊन दोन रात्री तंबूत राहण्याचा बेत केला. सातपुड्यात अकराशे मीटरहून अधिक उंचीवरचे हे ठिकाण आता नंदुरबार जिल्ह्यात आहे. १ जुलै १९९८ पूर्वी ते धुळे जिल्ह्यातच होते. नरडाण्याहून आम्ही चौघे निघालो : एक प्राथमिक शिक्षक, एक किराणा दुकानदार, एक एस. टी.चा ड्रायव्हर आणि मी. पाचवा मित्र शेतकरी. त्याला वाटेत, शिरपूरच्या पुढच्या त्याच्या खेड्यातून घ्यायचे होते.

नरडाण्याला चहा घेताना झिमझिम चालूच होती. ड्रायव्हर मित्र म्हणाला, "गाडीत बसण्याआधी एक ठरवा. वाटेत कुणीही एकाने 'थांबा' म्हटले, की थांबायचे. मग वाद नाही आणि त्याची चेष्टाही नाही." दुकानदार हसून म्हणाला, "अरे, आपण सहलीला चाललो की लढाईला?" पण ठरले ते ठरले.

सावळद्याच्या पुलावरून तापी ओलांडली, शिरपूर मागे टाकले आणि खेड्याच्या आडरस्त्याला लागलो. पाऊस थांबला होता, चक्क ऊन पडले होते. गाव समोर दिसत होते. मध्ये एक नाला आणि त्यावर फरशी. फरशीवरून वीतभर पाणी वाहत होते. आमच्यामागे आलेला टेम्पो हॉर्न वाजवू लागला. काठावर गुरे राखणारे एक आजोबा म्हणाले, "पानी वाढी राह्यनं, भाऊ." आणि गंमत पाहा, सकाळी हसलेला दुकानदारच सर्वांआधी म्हणाला, "थांबा!"

थांबलो. टेम्पोवालाही आमच्याकडे पाहून थांबला. अर्ध्या तासात पाणी गुडघ्याच्या वर गेले आणि एक आख्खी बाभूळ फरशीवरून पलीकडे गेली. आम्ही मागच्या वस्तीवरच्या शाळेत गेलो, गुरुजींची परवानगी घेऊन ओसरीत स्टोव्ह पेटवला आणि खिचडी केली. टेम्पोवाल्यालाही पंक्तीला घेतले. फरशी मोकळी व्हायला संध्याकाळ झाली. घाटाचा रस्ता रात्री नको, म्हणून मुक्काम मित्राच्या घरी केला आणि तोरणमाळ दुसऱ्या दिवशी पाहिले.

आता प्रश्न असा, की ऊन पडलेले असताना पाणी वाढले कसे? तापी मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यात मुलताईजवळ उगम पावते आणि ७२४ किलोमीटर वाहून सुरतेजवळ समुद्राला मिळते. तिला उत्तरेकडून सातपुड्यातल्या अनेर, अरुणावती, गोमाई अशा नद्या मिळतात, त्यांना असंख्य नाले. डोंगर उभा, उतार तीव्र आणि वाट थोडी. त्यामुळे वर पडलेला पाऊस घटकाभरात खाली येतो. नाल्याला आपल्या डोक्यावरचे आभाळ ठाऊक नसते. त्याला डोंगरावरचे आभाळ ठाऊक असते. म्हणून पाण्याचा रंग एकाएकी गढूळ झाला, काटक्या आणि पाचोळा वाहून येऊ लागला, की वर पाऊस झाला असे समजावे आणि मागे सरावे.

दुसरी चूक होते ती गाडीच्या वजनावर भरवसा ठेवल्याने. एक घनमीटर पाण्याचे वजन हजार किलो. गाडी जेवढे पाणी बाजूला सारते, तेवढ्या वजनाने ती हलकी होते. वेगाने वाहणारे पंधरा सेंटिमीटर पाणी माणसाचे पाय उचलू शकते, तीस सेंटिमीटर पाणी लहान मोटार ढकलू शकते आणि साठ सेंटिमीटर पाण्यात बहुतेक गाड्या वाहून जातात. शिवाय फरशी पाण्याखाली शाबूत आहे की खचली, हे वरून दिसत नाही.

तंबूचेही तेच. कोरड्या नदीपात्रातली वाळू मऊ आणि सपाट असते म्हणून मोह होतो. पण पावसाळ्यात तिथे तंबू ठोकू नये. उंचवट्यावर, सुट्या दरडीपासून दूर जागा पाहावी. एकट्या झाडाखालीही नको, विजेचे भय असते.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. सहल काढण्यापूर्वी हवामान खात्याचा इशारा पाहावा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे सहल पुढे ढकला. गावच्या फरशीजवळ खांबावर फूट-फुटाच्या रेघा रंगवून घ्याव्यात आणि पाणी किती वेळात चढते-उतरते, ते मुलांकडून सुरक्षित अंतरावरून नोंदवून घ्यावे. भूगोलाचा धडा होईल आणि गावाच्या उपयोगीही पडेल.

आणि सर्वांत महत्त्वाचे. मित्रांच्या घोळक्यात भीती प्रत्येकाला वाटते, पण भित्रा म्हणवून घ्यायला कुणीच तयार नसतो. मग पाण्यात गाडी जाते ती कुणा एकाच्या धाडसाने नव्हे, तर चौघांच्या संकोचाने. म्हणून थांबण्याचा करार घरून निघतानाच, अंग कोरडे असताना करावा. नाला चार तासांत उतरतो. तेवढा वेळ काठावर खिचडी शिजवण्यात गेला, तर सहलीचे काही बिघडत नाही.