वाचनालयातला पडदा



1956 साली विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आमचा तेव्हाचा छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. पांढुर्णा-सौंसरकडे घरात मराठी, शाळेत हिंदी, हे तेव्हापासून अंगवळणी पडले आहे. पण लिपी एकच, देवनागरी! आमच्या मुलांना मराठी पुस्तक वाचता येते. ते हाती घ्यावेसे मात्र वाटत नाही.

म्हणून आम्ही वाचनालयात चित्रपट दाखवू लागलो. भिंतीवर पांढरी चादर, खाली सतरंजी, तिकीट नाही. चित्रपटाचा स्वामित्वहक्क 60 वर्षांचा, म्हणून जुन्यांपासून सुरुवात केली. आधी 1936 चा ‘संत तुकाराम’, मग 1953 चा अत्र्यांचा ‘श्यामची आई’. संत्र्यांच्या बागांतली मुले कोकणातल्या घरातले बोलणे कान देऊन ऐकत होती. “आपण असं नाही बोलत,” एक मुलगी म्हणाली. खरेच, आमची बोली नागपूरच्या वळणाची.

साने गुरुजींचे पुस्तक टेबलावर मुद्दाम ठेवले होते. दिवे लागताच तिने ते उघडले आणि ‘ळ’पाशी अडखळली. हिंदीच्या धड्यांत हे अक्षर भेटत नाही. मी म्हटले, “आजी ‘बाळ’ म्हणते ना, त्यातला.” पुढे ती आपली आपण वाचत गेली.

सभागृहात हे झाले नसते. तिथून माणूस थेट घरी जातो. प्रोजेक्टरची आमची मागणी आहेच. पण आधी पुस्तकाच्या प्रती द्या. एकुलती एक प्रत सध्या सौंसरला गेली आहे आणि पांढुर्ण्याची मुले रोज विचारायला येतात.